बदक कोण उडवतं?

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मराठी लिहायला बसले की 'श' की 'ष' इथेच माझी गाडी अडते, आणि कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की आजही मनात आधी इंग्रजी आकडा शोधावा लागतो. तरीही मराठी विभागासाठी लिहायचं ठरवलं, कारण ही गोष्ट घडली मराठीतच. थोडी घुग्घुसच्या मराठीत म्हणा हवं तर!

विषय आहे व्हिडिओ गेम. थांबा, पान उलटू नका! स्टाफपैकी कुणी "झालं, ही पिढी वाया गेली" म्हणायच्या आधी सांगते, हा लेख गेम खेळण्याबद्दल नाही. गेमबद्दलचे प्रश्न एकमेकांना देण्या-घेण्याबद्दल आहे. ज्यांनी आयुष्यात एकही गेम खेळला नाही, त्यांनाही हा खेळ खेळता येतो. किंबहुना मी त्याच गटातली.

खेळ अगदी सोपा. मी तुला एक प्रश्न द्यायचा, तू मला एक द्यायचा. उत्तर आलं नाही तर एक प्रश्न उधार. पैसा नाही, बक्षीस नाही. आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळी यायला उशीर झाला की आमच्या टेबलवर हेच चालतं. पण याची सुरुवात मेसमध्ये झाली नाही.

नाईट शिफ्ट आणि चूप बसायचा खेळ

आमचं घुग्घुस म्हणजे कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना आणि या सगळ्यांची मिळून एक धूळ. सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी पुन्हा काळी. आम्ही वेकोलिच्या क्वार्टरमध्ये राहायचो. एका भिंतीआड तेलुगू, दुसऱ्या भिंतीआड हिंदी, आणि समोरच्या दारात आमच्यासारखेच मराठी. खाणीत ब्लास्टिंग झालं की सगळ्यांच्या खिडक्या मात्र एकाच भाषेत वाजायच्या.

२०१३-१४ च्या सुमाराची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची. शेजारच्या मुलाकडे टीव्हीला लावायचा गेम आला. पिवळी कॅसेट, त्यावर हजारो गेमचा आकडा छापलेला आणि आत मोजून वीस-पंचवीस, तेच फिरून फिरून येणारे. दोन रिमोट (कंट्रोलर हा शब्द आम्हाला माहीतच नव्हता, आम्ही रिमोटच म्हणायचो) आणि एक प्लास्टिकची बंदूक. त्या बंदुकीनं स्क्रीनवरची बदकं मारायची. गेमचं नाव डक हंट.

बंदूक अर्थातच त्याच्या हातात. मी फार मागे लागले की तो साधा रिमोट माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तुले काय जमते त्यातलं? हे पकड अन् चूप बस." बंदुकीच्या गेममध्ये रिमोटचं काय काम? फक्त सुरू करायचं बटण दाबण्यापुरतं. हे मलाही कळत होतं. तरी मी उगाच डावं-उजवं दाबत बसायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अडचण अशी की त्याचे बाबा खाणीत शिफ्टमध्ये. नाईट शिफ्ट करून आले की दिवसभर झोपणार. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बाहेर पाय ठेवायची सोय नाही, घरात कूलरची घरघर, आणि टीव्ही बंद. काकू दटावायच्या, "हळू बोला रे पोट्टेहो, बाबा झोपून हायेत." मग आम्ही कूलरसमोर बसून कुजबुजत प्रश्न विचारायचो. मारिओच्या टोपीचा रंग कोणता? काँट्रामध्ये तिसऱ्या लेव्हलला काय असतं? पहिल्यांदा मला एकही येत नव्हतं. पण ज्याच्या हातात बंदूक नसते, तो बघतो जास्त! आठ दिवसांत मी त्याच्या पुढे गेले. इथे रिमोटची पाळी लागत नव्हती. दोघांची पाळी सारखीच.

चिल्लर आणि नोट

दहावीनंतर तो नागपूरला गेला, मी इथे आले. मग प्रश्न फोनवर सुरू झाले. एव्हाना आम्ही प्रश्नांचे भावही ठरवले होते. नाव, साल, आकडा एवढंच उत्तर असलेला प्रश्न म्हणजे 'चिल्लर'. आणि ज्याच्या उत्तरात 'का' असतं, तो प्रश्न म्हणजे 'नोट'.

चिल्लरचं उदाहरण घ्या. निन्टेंडो ही कंपनी कधी सुरू झाली? उत्तर १८८९. ऐकून माणूस दचकतो, कारण तेव्हा ती क्योटो शहरात पत्ते बनवायची, 'हानाफुदा' नावाचे जपानी पत्ते. गंमत आहे, पण पाठ केलं की संपलं.

आता नोट बघा. १९८५ च्या सुपर मारिओमध्ये आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांत फरक काय? उत्तर, फक्त रंगाचा. आकार तोच. ढग पांढरा रंगवला, झुडूप हिरवं रंगवलं. का? कारण अख्खा गेम ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवायचा होता. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपवर जर्नलच्या पानांचे फोटो टाकतो ना, त्यातला एकेक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. हे कळल्यावर मेमरी म्हणजे काय ते मला पहिल्यांदा समजलं. त्याआधी फक्त व्याख्या येत होती.

दुसरी नोट. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगानं का येतात? बहुतेक जण सांगतात की गेम अवघड करायला. पण त्याचं मूळ यंत्रात आहे. स्क्रीनवर ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ शत्रू. यंत्र एका फ्रेममध्ये एकच शत्रू हलवतं. सेकंदाला साधारण ६० फ्रेम धरा. ५५ जण असतील तर सगळ्यांची पाळी यायला जवळजवळ एक सेकंद लागतो. एकच उरला की दर फ्रेमला त्याचीच पाळी! मेसमध्ये पोळ्यांचा तवा एकच आणि लाईनमध्ये ५५ जण असले तर काय होतं, आणि रविवारी सगळे घरी गेल्यावर काय होतं, तसंच. बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांना हा परिणाम आवडला आणि त्यांनी तो तसाच ठेवला.

तिसरी नोट आमच्या काँट्राची. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हे दाबलं की ३० लाईफ मिळायच्या. पण हा कोड मुळात काँट्रासाठी बनलाच नव्हता. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी कंपनीत १९८६ मध्ये ग्रेडियस नावाचा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो खेळायचा, तर त्यांना स्वतःलाच तो फार कठीण जात होता. म्हणून त्यांनी सगळी हत्यारं एकदम मिळवून देणारा कोड टाकला आणि तो आतच राहून गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये ते वारले तेव्हा जगभरच्या लोकांनी हाच कोड लिहून त्यांना निरोप दिला. म्हणजे टेस्टिंगसाठी केलेला जुगाड अमर झाला. प्रोजेक्टवाल्यांनो, धीर धरा!

चौथी नोट प्रिन्स ऑफ पर्शियाची. १९८९ चा गेम, बनवणारे जॉर्डन मेकनर. त्यात आरशातून प्रिन्सची सावली बाहेर पडते आणि पुढे त्याच्याशीच लढते. हा शत्रू का आला? कारण प्रिन्सच्या हालचालींनीच सगळी मेमरी खाल्ली होती. या हालचाली मेकनर यांनी आपल्या भावाचा धावताना-उड्या मारतानाचा व्हिडिओ काढून त्यावरून रेखाटल्या होत्या. नवा माणूस काढायला जागा शिल्लक नव्हती. मग त्यांनी प्रिन्सचंच चित्र थोडं सरकवून त्याच्यावर 'एक्सॉर' केलं आणि सावलीसारखा माणूस तयार झाला. डिजिटलच्या तासाला आपण एक्सॉर गेटचा ट्रुथ टेबल घोकतो. मला तर तो या सावलीमुळे पाठ झाला.

कधी कधी प्रश्न घरापर्यंत येऊन पोचतात. 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' हा २०१७ चा गेम कुठे घडतो? आपल्या पश्चिम घाटात, होयसळ राजांच्या खजिन्याच्या शोधात. 'राजी' हा २०२० चा गेम कुठल्या शहरात बनला? पुण्यात. आणि माझा लाडका प्रश्न हा : 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या २०१३ च्या गेममध्ये जगाच्या नकाशावर आपला भाग कुठल्या नावानं दिसतो? गोंडवाना! चंद्रपूरच्या ज्या परकोटातून आपण ऑटोत बसून जातो, तो गोंड राजांचा. पण हे आपल्यापैकी किती जणांना शाळेत नीट शिकवलं? मला तरी ते एका स्वीडिश कंपनीच्या गेमवरच्या प्रश्नामुळे वाचावंसं वाटलं. याची थोडी लाजही वाटते.

गांधीजी आणि २५५

आता मुख्य गोष्टीवर येते. गेल्या वर्षी मला हॉस्टेलमध्येच एक भारी प्रश्न मिळाला. सिव्हिलायझेशन या १९९१ च्या गेममध्ये महात्मा गांधी अणुबॉम्ब का टाकायचे?

उत्तर तर त्याहून भारी. गेममध्ये प्रत्येक नेत्याला आक्रमकपणाचा एक आकडा दिलेला. गांधीजींचा सर्वांत कमी, १. त्यांनी लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे. १ मधून २ गेले, झाले उणे १. पण यंत्रानं हा आकडा ८ बिटमध्ये ठेवलेला, ० ते २५५ एवढाच. त्यात उण्याला जागाच नाही. मग गाडीचं मीटर शून्यावरून मागे फिरवलं तर सगळे नऊ दिसतील, तसा आकडा थेट २५५ वर गेला. अहिंसेचा पुजारी जगातला सर्वांत आक्रमक नेता झाला!

सांगा, याहून सुंदर नोट असू शकते का? यात गांधीजी आहेत, बायनरी आहे, आणि शेवटी टाळी आहे. मी तो प्रश्न दहा-बारा जणांना दिला. मेसमध्ये दिला, लॅबमध्ये दिला, आणि अर्थात नागपूरलाही पाठवला. त्यानं लगेच लिहिलं, "मानलं तुले."

तो त्याच्या कॉलेजच्या क्विझ क्लबमध्ये आहे. दोन महिन्यांनी त्यांच्या डिपार्टमेंटच्या क्विझमध्ये त्यानं तो प्रश्न फायनलला टाकला. शेवटचा, निकाल ठरवणारा. एका टीमनं "ओव्हरफ्लो" सांगून मार्क घेतले. दुसऱ्या टीमनं हरकत घेतली. हा किस्सा खोटा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सिड मायर यांच्या २०२० च्या आत्मचरित्राचा दाखला दिला. गेम बनवणारा माणूस स्वतः त्यात लिहितो की असा कुठलाही बग नव्हता!

आणि ते खरं होतं. पुढच्या भागाचे मुख्य डिझायनर ब्रायन रेनॉल्ड्स यांनीही सांगितलं आहे की जुन्या गेममध्ये आक्रमकपणाच्या तीनच पायऱ्या होत्या. गांधीजी सर्वांत खालच्या पायरीवर होते, पण तिथे ते एकटे नव्हते. साधारण एक तृतीयांश नेते त्याच पायरीवर होते. २५५ चा तिथे प्रश्नच येत नाही. हा किस्सा गेम आल्यानंतर वीसेक वर्षांनी, २०१२ च्या आसपास पसरला. त्याच्या आधी २०१० च्या पाचव्या भागात मात्र बनवणाऱ्यांनी गंमत म्हणून गांधीजींचा अणुबॉम्ब वापरण्याचा आकडा मुद्दाम १२ ठेवला होता, तोही १० पर्यंतच्या मोजपट्टीवर. म्हणजे बघा, एका भागातला विनोद खरा, त्यावरून जुन्या भागाला चिकटवलेला बग खोटा.

त्या स्टेजवर माझ्या मित्राला माईक हातात घेऊन माफी मागावी लागली. प्रश्न रद्द, निकाल उलटा. रात्री त्याचा एकच मेसेज आला. "तुझा प्रश्न होता म्हणून तपासला नाही."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. या वाक्याला काय उत्तर देणार? मी 'सॉरी' लिहिलं. समोरून काही नाही. कूलरसमोर सुरू झालेली देवाणघेवाण पहिल्यांदाच बंद पडली, आणि ती दोन-अडीच महिने बंदच राहिली.

प्रश्न परत मागवला

मी विचार करत राहिले की माझं चुकलं कुठे. गणित तर बरोबर होतं! ८ बिटमध्ये १ मधून २ वजा केले तर २५५ च येतात, आजही करून बघा. पॅक-मॅनमध्ये असं खरंच घडतं. १९८० च्या त्या गेममध्ये २५५ लेव्हल नीट चालतात आणि २५६ व्या लेव्हलला उजवी अर्धी स्क्रीन कचऱ्यासारख्या अक्षरांनी भरून जाते. कारण लेव्हल मोजणारा आकडा ८ बिटचा, आणि तो तिथे उलटतो.

म्हणजे 'असं होऊ शकतं' हे खरं होतं. 'असं झालं' हे खोटं. या दोन वाक्यांमधली दरी मी उडी मारून पार केली, कारण पलीकडे टाळी होती. मला वाटतं अफवा अशाच तयार होतात. साफ खोटी गोष्ट कुणी गिळत नाही. आतलं शास्त्र खरं असेल आणि शेवट मजेदार असेल, तर आपण इंजिनिअरिंगवाले सर्वांत आधी गिळतो. कारण आपल्याला ती 'समजते'. समजलं म्हणजे सिद्ध झालं असं वाटतं.

मग मी एक वेडेपणा केला. ज्या ज्या मुलीला तो प्रश्न दिला होता, तिच्या खोलीत जाऊन तो परत घेतला. "माझा गांधीजींचा प्रश्न आठवतो? तो रद्द. हे खरं उत्तर." काही जणी हसल्या. एक म्हणाली, "अगं, एवढं काय? गेमच तर आहे!" पण एका ज्युनिअरनं सांगितलं की तिनं तो आपल्या लहान भावाला सांगितला आणि भावानं शाळेत. तिथून पुढे तो कुठे गेला, देव जाणे. प्रश्न देणं सोपं असतं, परत आणणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

माळ्यावरचा टीव्ही

यंदाच्या नाही, गेल्या दिवाळीत घरी गेले. तोही आला होता. समोरासमोर दारं, त्यामुळे टाळणार तरी किती? पण रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. मी एक प्रश्न शोधून ठेवला होता.

त्याआधी एक मागचा हिशोब सांगायला हवा. त्यांच्याकडे जुना डबा टीव्ही जाऊन पातळ एलईडी टीव्ही आला, त्या दिवसापासून बंदूक चालेनाशी झाली होती. सगळ्यांनी बंदूक बिघडली म्हणून माळ्यावर टाकली. नागपूरला गेल्यावर त्यानं मला पाठवलेली पहिली नोट हीच होती : बंदूक बिघडली की टीव्ही?

उत्तर, दोन्ही नाही! बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. घोडा दाबला की गेम एका फ्रेमसाठी स्क्रीन पूर्ण काळी करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. सेन्सरला आधी काळं आणि मग लगेच पांढरं दिसलं, तर नेम बरोबर. (म्हणूनच बल्बकडे बंदूक रोखून फसवता येत नाही, कारण बल्ब मध्येच काळा होत नाही.) हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात. जुन्या डबा टीव्हीवर सिग्नल आला की त्याच क्षणी चित्र उमटतं. एलईडी टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो आणि थोड्या उशिरानं दाखवतो. बंदूक बघते तेव्हा चौकोन आलेलाच नसतो. यंत्र म्हणतं, नेम चुकला.

तर, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्या दारात. तो खाली मान घालून चिवडा खात होता. मी विचारलं, "डक हंटमध्ये बदक कोण उडवतं?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कॉम्प्युटर."

"चूक. एका बदकाच्या गेममध्ये दुसरा खेळाडू साध्या रिमोटनं बदक उडवू शकतो."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "कोणी सांगितलं?"

आधीची मी असते तर "वाचलंय ना!" म्हणाले असते. या वेळी म्हणाले, "वाचलंय, पण तपासलं नाही. तुझा डबा टीव्ही अजून माळ्यावर आहे का?"

होता. काकू दोन वर्षांपासून तो भंगारवाल्याला देणार होत्या आणि दोन वर्षांपासून विसरत होत्या. तो अजस्र टीव्ही उतरवताना आमच्या अंगावर घुग्घुसची सगळी धूळ आली. वायरी जोडल्या. कॅसेटमध्ये फुंकर मारायला तो वाकला तेव्हा मी त्याला थांबवलं. लहानपणी आपण सगळेच फुंकायचो, पण ओलाव्यानं आतले कॉन्टॅक्ट उलट खराब होतात, निन्टेंडोनंच तसं करू नका म्हणून सांगितलं होतं. कपड्यानं पुसून कॅसेट लावली. पहिल्यांदा मुंग्या. टीव्हीच्या डोक्यावर एक थाप. आणि ती ओळखीची धून सुरू झाली.

त्यानं बंदूक घेतली. मी रिमोट. एका बदकाचा गेम. बदक गवतातून वर आलं. मी डावं बटण दाबलं.

बदक डावीकडे गेलं.

उजवं दाबलं, उजवीकडे. त्यानं गोळी झाडली, मी खाली दाबलं. नेम चुकला आणि कुत्रा गवतातून वर येऊन नेहमीसारखा हसला. आम्ही दोघंही बघत राहिलो. मग तो म्हणाला, "अबे, म्हणजे इतकी वर्षं बदक तूच पळवत होती?"

मला तर काय बोलावं तेच सुचेना. "हे पकड अन् चूप बस" म्हणून दिलेला तो रिमोट! मी उगाच दाबते असं समजत होते आणि त्याचे नेम मी चुकवत होते. लहानपणी तो चिडून बंदूक गादीवर आपटायचा, ती बिचारी निर्दोष होती!

आतून काकांचा आवाज आला, "आवाज कमी करा रे!" नाईट शिफ्ट करून झोपले होते. आम्ही आवाज बंद केला आणि तासभर तसेच, मुक्यानं खेळलो. निघताना तो म्हणाला, "एक प्रश्न उधार राहिला माझ्याकडून. पाठवतो." आठव्या दिवशी आला. खाली लिहिलं होतं, "तपासलेला आहे."

आमचे नियम

आता आमच्या मेसच्या टेबलवर तीन नियम आहेत. कुणालाही वापरता येतील.

१. प्रश्न देताना 'तपासला' की 'ऐकला' हे आधी सांगायचं. ऐकलेला प्रश्न द्यायला बंदी नाही, फक्त तो चिल्लरच्या भावानं जाईल, मग त्यात कितीही मोठा 'का' असो.

२. 'असं होऊ शकतं' आणि 'असं झालं' यांच्यासाठी वेगवेगळा पुरावा लागतो. पहिल्यासाठी वही-पेन पुरतं. दुसऱ्यासाठी बनवणाऱ्याचं म्हणणं हवं, नाहीतर स्वतः करून बघणं.

३. प्रश्न चुकीचा निघाला तर ज्याला दिला त्याच्याकडे स्वतः जाऊन परत घ्यायचा. ग्रुपवर 'सॉरी गाईज' चालणार नाही.

हे नियम व्हायवालाही लागू पडतात, पण तो विषय नको. बाहेर एक्स्टर्नल बसलेले असतात!

असो. लेख बराच लांबला. खेळाच्या नियमाप्रमाणे, तुम्ही इथपर्यंत वाचलंत म्हणजे मी तुम्हाला एक प्रश्न देणं लागते. हा तपासलेला आहे, आणि कुणालाही कागदावर तपासता येईल.

टेट्रिस हा गेम अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवला. त्यांच्या यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी चौकोन कंसांच्या चिन्हांनी दाखवले. त्यात चार-चार चौकोनांचे सात वेगवेगळे तुकडे असतात. सात चोक अठ्ठावीस. (हा पाढा मला मराठीत येतो!) तर प्रश्न असा : सातही तुकडे एकेकदाच वापरून ४ × ७ चा आयत पूर्ण भरता येईल का? येत असेल तर भरून दाखवा. येत नसेल तर का नाही ते सांगा. हवे तसे फिरवा, पण तुकड्यांनी एकमेकांवर चढायचं नाही. एक हिंट देते. आयत बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा रंगवा आणि 'टी' आकाराच्या तुकड्याकडे जरा जास्त वेळ बघा.

उत्तर मिळालं तर मेसमध्ये खिडकीजवळच्या टेबलवर या. येताना बदल्यात एक प्रश्न आणा. ऐकलेला असला तरी चालेल, फक्त तसं आधी सांगा.